तुझ्या धंद्यातला एक प्रश्न

८ जानेवारी

प्रिय मास्तर,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. उलट चांगली बातमी आहे आणि तिच्या शेपटीला एक काम बांधलेलं आहे. तू मला ओळखतेसच.

मला बाहेरदेशी प्रवेश मिळतोय. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, एका मोठ्या हॉस्पिटलात. झटका येऊन गेलेली किंवा हातापायांवरचा ताबा गेलेली माणसं असतात ना, त्यांना चालणं, धरणं, लिहिणं पुन्हा शिकवायचं. इथे बारा वर्षं मी तेच करतेय, पण अंदाजाने. तिथे नीट शिकवतात. पहिले सहा महिने एकटीने जायचं, मग नवरा आणि आमचं पोर, बटण, येऊ शकतात.

अट एकच, तिथल्या भाषेची परीक्षा. ऑगस्टमध्ये आहे. ऐकणं-बोलणं जमेल. पण एका तासात हाताने दोन निबंध लिहायचे, आणि निबंध म्हटलं की माझे हातपाय गळतात. होस्टेलवर मी घरी पत्र लिहायचे त्यातल्या चुकासुद्धा तू काढायचीस, म्हणून तर सगळ्यांनी तुझं नाव मास्तर ठेवलं. आता तर तू ती भाषा शिकवतेस. दर दहा-बारा दिवसांनी मी एक निबंध पाठवते, तू लाल शाईने तो फाडून परत पाठव.

घरी तारांबळ चालू आहे. पहाटे पाचला उठून अभ्यास, सातला डबे, आठ ते पाच हॉस्पिटल. नवरा दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासतो आणि घरी येऊन भांडी घासतो, हा विनोद त्याचाच आहे. बटण सात वर्षांचं झालं. तू शेवटचं पाहिलंस तेव्हा खरंच शर्टाच्या बटणाएवढं होतं.

मार्चमध्ये त्याला सुट्टी आहे. दोन दिवस तुझ्याकडे येते. पक्कं.

तुझी,
घाईबाई

ता. क. पहिला निबंध सोबत आहे. विषय ‘माझे घर’. हसू नकोस.


१९ जानेवारी

प्रिय घाईबाई,

हसले. तू लिहिलंयस की तुझ्या घराला तीन खोल्या आणि एक नवरा आहे. वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, म्हणून खोडलेलं नाही.

अटी ऐक. निबंध पोस्टानेच पाठवायचा, फोटो काढून नाही. फोनवर तू मला गप्पांत गुंडाळतेस आणि काम राहून जातं. कागदाला डाव्या बाजूला तीन बोटं जागा सोडायची, तिथे मी लिहिणार. रागवायचं नाही. आणि एका वाक्यात तीनदा ‘आणि’ वापरायचं नाही. तू बोलतेस तशी लिहितेस, धापा टाकत.

तू निघालीस याचा मला आनंद झाला. मनापासून झाला, हे मुद्दाम सांगते. कारण तुला आठवत असेल, बारा वर्षांपूर्वी माझंही असंच प्रवेशाचं पत्र आलं होतं आणि बाबांच्या हृदयाच्या दुखण्यात ते राहून गेलं. बाबा आता ठणठणीत आहेत. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी रोज अंगण पावलांनी मोजतात. अंगण तेवढंच भरतं.

मार्चमध्ये नक्की ये. गप्पा आहेतच, शिवाय थोडं बोलायचं आहे. घाईचं काही नाही.

मास्तर


२ एप्रिल

प्रिय मास्तर,

आधी माझे दोन्ही कान पकडलेले समज. मार्चमध्ये यायला जमलं नाही. आमच्याकडची एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिचे पेशंट माझ्या गळ्यात आले. बटणाला कबूल केलं होतं, ते दोन दिवस रुसून बसलं. शाळेत त्याचं गाणं होतं, तेही चुकलं. नवरा गेला होता. परत आल्यावर म्हणाला, ‘ते स्टेजवरून सगळा वेळ दाराकडे बघत होतं.’

हॉस्पिटलातल्या मैत्रिणी आधी मला सिनेमाला बोलवायच्या, मग चहाला, आता नुसत्या हात हलवतात. चूक त्यांची नाही. चारदा नाही म्हटल्यावर पाचव्यांदा कोण विचारतं?

पण निबंध सुधारतायत ना? सातवा तू जवळजवळ खोडलेलाच नाहीस. एक तक्रार मात्र आहे. तुझे शेरे इतके बारीक असतात की नवऱ्याने दुकानातून भिंग आणून दिलं. ओळीच्या सुरुवातीला निदान अक्षर लागतं तरी, शेवटाला तर मुंग्या. शाई वाचवतेस की काय? तो म्हणाला, ‘तुझ्या मैत्रिणीला सांग, चष्मा फुकट करून देतो.’ जरा मोठं लिही, बाई. माझ्याकडे वेळ किती कमी आहे तुला माहीत आहे.

मेमध्ये येते. आता खरंच पक्कं.

घाईबाई


२० एप्रिल

प्रिय घाईबाई,

मोठं लिहायचा प्रयत्न करतेय. पहिल्या ओळीत जमतं.

आठवा आणि नववा निबंध सोबत आहेत. नववा चांगला आहे. म्हाताऱ्या पेशंटबद्दल लिहिलेला परिच्छेद मी बाबांना वाचून दाखवला. त्या माणसाने दोन महिन्यांनी स्वतः पेला उचलून पाणी प्यायलं, ते. तुझं तुझ्या माणसांकडे लक्ष असतं. ते निबंधात दिसतं.

शाळेत मी आता फळ्यावर लिहीत नाही, मुलांनाच लिहायला लावते. त्यांना वाटतं बाईंनी नवी पद्धत काढली. चालताना बाबा माझ्यापुढे जातात आणि वळून थांबतात. सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांना फार मजा वाटतेय.

मेमध्ये येशील तेव्हा तुझ्या धंद्यातला एक प्रश्न विचारायचा आहे. पत्रात नको.

मास्तर


१५ जून

प्रिय मास्तर,

मे गेला. काय झालं त्याचा पाढा वाचत नाही. कागदपत्रं, आरोग्य तपासणी, बटणाच्या कांजिण्या, एवढं पुरे.

तुझ्या धंद्यातल्या प्रश्नाचं उत्तर सोबत आहे. बाबांच्या गुडघ्यांबद्दलच असणार, नाही का? त्या वयात अंगण मोजत फिरल्यावर दुसरं काय होणार. व्यायामांचा छापील कागद पाठवतेय, रोज दोनदा करायला सांग. चित्रं आहेत, त्यामुळे तुला काही समजावत बसावं लागणार नाही.

आता जरा स्पष्ट लिहिते, रागावू नकोस. गेले दोन निबंध तीन-तीन आठवड्यांनी आले. परीक्षेला आठ आठवडे उरलेत. शेरे तर आता वाचताच येत नाहीत, एका ठिकाणी शब्द अर्ध्यात सोडून दिलायस. आधी वाटलं तू कामात असशील. मग वाटलं की दुसरंच काही असेल. मास्तर, तुला जायचं होतं आणि जाता आलं नाही, आणि आता मी निघालेय. माझे निबंध तपासणं जड जात असेल तर तसं सरळ सांग. मी दुसरं कुणीतरी बघेन. आपल्यात लपवाछपवी नको.

घाईबाई


२८ जून

घाईबाई,

निबंध बारा आणि तेरा तपासून पाठवत आहे. उशीर झाला, माफ कर. उरलेले तीन वेळेवर मिळतील.

व्यायामांचा कागद मिळाला. बाबांचे गुडघे उत्तम आहेत.

परीक्षेला शुभेच्छा.

मास्तर


६ सप्टेंबर

मास्तर,

मी पास झाले, आणि त्याबद्दल मला या पत्रात काहीही लिहायचं नाही.

काल रविवारी सकाळी मी कपाट आवरत होते. तुझी सगळी पत्रं आणि तपासलेले निबंध बटणाच्या हातात दिले आणि म्हटलं, तारखेप्रमाणे लाव. त्याने ते जमिनीवर एका रांगेत मांडले, जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. मग कमरेवर हात ठेवून रांगेकडे बघत म्हणालं, ‘आई, मावशी अशी लहान लहान का होत गेली?’

मी पाहिलं. उभ्या उभ्या सगळं दिसलं. दर महिन्याला अक्षर बारीक होत गेलंय, ओळीच्या शेवटी तर आणखी, आणि शब्द हाताने मध्येच सोडल्यासारखे. फळ्यावर न लिहिणं. बाबांनी पुढे जाऊन थांबणं. मी जमिनीवर बसले. नवरा धावत आला, त्याला वाटलं मला चक्कर आली.

मास्तर, माझ्याकडे आठवड्याला कंपवाताचे चार-पाच पेशंट येतात. मी त्यांना पहिल्या दिवशी कागदावर एक ओळ लिहायला सांगते, कारण हात थरथरायच्या आधी कित्येकदा अक्षर बारीक व्हायला लागतं. नव्या मुलींना मीच हे शिकवते. आणि तुझी आठ महिन्यांची पत्रं मी भिंग लावून वाचली.

आपण छत्तीस वर्षांच्या आहोत. माझी चूक होत असेल. व्हावी असं वाटतंय. शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. यावेळी जमेल का असं विचारत नाही.

मी


१३ सप्टेंबर

प्रिय मास्तर,

काल घरी पोचले. तू जे बोललीस ते इथे पुन्हा लिहून काढतेय, कारण पुढे कधीतरी मी ते मला सोयीचं करून आठवेन, आणि तसं व्हायला नको.

तू दार उघडलंस. उजवा हात अंगाला धरलेला होता. मी तुझा चेहरा बघायच्या आधी हात बघितला, आणि तुला ते कळलं. तू म्हणालीस, ‘ये. पेशंट आत आहे.’

बाबांनी चहा केला. आपल्या दोघींना कप दिले आणि आपला कप घेऊन अंगणात गेले. मी विचारलं, ‘कधीपासून?’

‘डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी सांगितलं.’

‘म्हणजे माझं पहिलं पत्र आलं त्याच्या आधी.’

‘तीन आठवडे आधी.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

तू कप डाव्या हातात घेतलास. मग म्हणालीस, ‘सांगितलं असतं तर तू अभ्यास सोडून धावत आली असतीस, आणि ते मला नको होतं. निदान सुरुवातीला हेच कारण होतं. मार्चमध्ये समोरासमोर सांगायचं ठरवलं, तू आली नाहीस. मग मी वाट बघायला लागले. म्हटलं, हिला दिसेल. ही दिवसभर हेच बघते. प्रत्येक निबंध पाठवताना वाटायचं, या वेळी ओळखेल. एका पानाला मला दोन-दोन दिवस लागायचे. आणि तू लिहिलंस, जरा मोठं लिही.’

मी म्हटलं, ‘आणि जूनचं पत्र.’

तू म्हणालीस, ‘त्याबद्दल नको बोलूया.’

बोललो नाही. दुपारी मी तुला बोटांचे व्यायाम दाखवले, पावलं टाकताना मोठ्याने मोजायला शिकवलं. तू आज्ञाधारक पेशंटसारखं सगळं केलंस. हॉस्पिटलात माझ्यावर भरवसा नसलेली माणसं इतकी आज्ञाधारक असतात. तू मला एकदाही टोमणा मारला नाहीस, एक चूक काढली नाहीस. गाडी सुटेपर्यंत मी वाट बघत होते.

मी तिथल्या हॉस्पिटलाला कळवून जाणं एक वर्ष पुढे ढकलायचा विचार करतेय. नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, ‘तुला जे बरोबर वाटेल ते कर, पण आधी तिला विचार. तिच्या नावावर तुझा निर्णय नको.’ म्हणून विचारतेय. दर शनिवार-रविवार येईन. औषध, व्यायाम, शाळेचं काम, सगळं बघेन.

तुला जड जात असेल तर सरळ सांग, असं मी तुला लिहिलं होतं. त्या वाक्याची लाज वाटते. लाज वाटून ते वाक्य परत घेता येत नाही, हेही कळतं.

तुझी,
घाईबाई


३ ऑक्टोबर

प्रिय घाईबाई,

हे पत्र बाबा लिहितायत, मी सांगतेय. लांबलचक बोलायचं आहे आणि हात तेवढा चालत नाही. त्यांना बजावलं आहे की जसं सांगेन तसंच लिहायचं. (लिहितो आहे. पण ही फार भरभर सांगते. – बाबा)

जाणं पुढे ढकलू नकोस. हे मोठं मन वगैरे काही नाही. तू इथे दर शनिवारी येशील आणि माझ्या हाताकडे बघत बसशील, आणि मला दर शनिवारी तुझी समजूत काढावी लागेल. तेवढी ताकद मला शाळेला लागते. मी अजून शिकवते. डॉक्टर म्हणतात पुष्कळ वर्षं शिकवेन.

शिवाय तू नाही गेलीस तर ते माझ्यामुळे होईल. मी बाबांमुळे गेले नाही, तर बाबांना बारा वर्षं काय वाटत आलंय ते मी रोज बघते. (हे वाक्य लिहिणार नाही म्हणालो होतो. लिहिलं. खरं आहे. – बाबा)

आता माझ्याबद्दल. तुला मार्चमध्ये सांगायला हवं होतं, पत्राने का होईना. तू ओळखतेस का याची मी परीक्षाच घेतली, आणि परीक्षा आहे हे तुला सांगितलंच नाही. मास्तर म्हणवणाऱ्या बाईने असं करू नये. ती चूक माझी.

पण राग गेलेला नाही. अक्षर दिसलं नाही त्याचा नाही. घाईत माणसाला नाही दिसत. माझ्या मनात आकस आहे असं तुला वाटलं, त्याचा आहे. वर्षं गेली तरी निदान तेवढं तरी तू मला ओळखतेस असं मी धरून चालले होते. माफ केलं असं लिहून टाकलं असतं तर तुझं विमान हलकं झालं असतं, पण ते अजून खरं नाही, आणि खोटं वाक्य सांगायला मला जमत नाही.

तेव्हा काही दिवस मला लिहू नकोस असं म्हणत नाही. तू लिही. मी उत्तर देईन तेव्हा देईन.

तिथे नीट शिक. बटणाला इथे पाठव कधीतरी त्याच्या बाबांबरोबर. रांग लावणारं पोर मला आवडलं.

मास्तर

(पोरी, ती ठीक आहे. व्यायाम करते. पावलं मी मोजतो. तू जा. – बाबा)


१४ फेब्रुवारी

प्रिय मास्तर,

इथून पाठवलेलं हे माझं नववं पत्र. उत्तराबद्दल विचारत नाही.

इथली खोली छोटी आहे, पण गरम राहते. खिडकीतून कपडे धुवायच्या दुकानाची मागची बाजू दिसते. तिथली बाई रोज दुपारी दारात उभी राहून सफरचंद खाते आणि मला हात हलवते. इथली माझी ओळख अजून तेवढीच. बाकी दिवसभर वॉर्ड आणि वर्ग. शिक्षक चांगले आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला विचारलं, इथे का आलात. मी ठरवलेलं उत्तर दिलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

पूर्वी वाटायचं, एकदा परीक्षा होऊ दे, मग सगळ्यांकडे बघू. नवरा, बटण, तू, त्या सिनेमावाल्या मैत्रिणी, सगळ्यांना मी ऑगस्टनंतरच्या तारखा दिल्या होत्या. बटणाचं गाणं तेवढं नाही थांबलं, आणि तुझा आजार. बाकीच्यांनी मला सांभाळून घेतलं. त्याची किंमत मला तुझ्याकडून कळली, हे तुझ्यावर अन्यायाचं आहे, पण तसंच झालंय. इथे आता वेळ इतका आहे की रविवारी दुपारी मी नुसती बसून असते, आणि ज्यांना द्यायचा ती माणसं सात तासांच्या विमानापलीकडे आहेत.

नवरा बटणाला घेऊन तुझ्याकडे दोनदा येऊन गेला, ते त्याने मला नंतर सांगितलं. बाबांनी बटणाला अंगण मोजायला शिकवलं म्हणे. एप्रिलमध्ये दोघं इकडे येतील. कागदपत्रं झाली आहेत. त्याआधी पुन्हा एकदा तुझ्याकडे जायचंय असा बटणाचा हट्ट आहे.

काल फोनवर ते म्हणालं की तुझं त्याला पत्र आलंय. तिसरं. आधीच्या दोन्हींचा मला पत्ताच नव्हता. मी म्हटलं, वाचून दाखव ना.

‘नाही,’ म्हणालं. ‘मावशीने मला लिहिलंय. तुला नाही.’

मी बरं म्हणाले. मग राहवलं नाही, म्हणून विचारलं, मावशी बरी आहे का तेवढं तरी सांग.

कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग तुझ्यासारखं सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणालं, ‘आई, ते तुला तिने सांगितलं पाहिजे.’

तुझी,
घाईबाई